खवले मांजराला मांजर का म्हणू नये?

बाळीवेसकर

"मराठीतली प्राण्यांची नावं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. खवले मांजर हे मांजर नाही, देवमासा हा मासा नाही, गोगलगाय ही गाय नाही. शाळेत सरळ इंग्रजी नावं शिकवा, मुलांचा गोंधळ तरी संपेल." काल इथं कुणीतरी हे लिहिलं आणि खाली "अगदी बरोबर"ची रांग लागली. मी २१ वर्षं सातवी-आठवीला विज्ञान शिकवतोय. हे वाचल्यावर रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

गोगलगायीपासूनच सुरू करतो. "गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या माणसासाठी वापरतो. पण ज्याने ती पहिल्यांदा म्हटली, त्याने तो जीव उलटा करून बघितला होता. ती चालते ती पोटाखालच्या मांसल तळव्यावर. शास्त्रज्ञांनी या सगळ्या वर्गाला नाव दिलं गॅस्ट्रोपोडा. ग्रीकमध्ये अर्थ काय? पोट आणि पाय! आमच्या आजीला जे ठाऊक होतं, तेच त्यांनी ग्रीकमध्ये लिहिलं.

आता इंग्रजी नावं बघू. जेलीफिश मासा आहे का? स्टारफिश? गिनी पिग हे गिनी देशातलं नाही आणि डुक्करही नाही, दक्षिण अमेरिकेतला कुरतडणारा प्राणी आहे. किलर व्हेल म्हणतात तो डॉल्फिनच्या कुळातला. ही नावं पाठ करून कुणाचा गोंधळ संपणार आहे?

आणि खवले मांजर. काल त्याला "मुंगीखाऊ" म्हणा असं सुचवलं गेलं. खरा मुंगीखाऊ दक्षिण अमेरिकेतला, स्लॉथ आणि आर्माडिलोचा भाऊबंद. मुंगीखाऊ आणि खवले मांजर दोघांनाही दात नाहीत, दोघांचीही जीभ हातभर, दोघांचेही पंजे वारूळ फोडणारे, पण हे सारखेपण पोटापाण्याचं आहे, रक्ताचं नाही. डीएनए तपासला तेव्हा खवले मांजराचे सगळ्यात जवळचे नातलग निघाले मांसभक्षी गणातले, म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल. आपण ज्याला अडाणी नाव म्हणतोय ते "मुंगीखाऊ"पेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

तणमोर

सर, तुमचा राग समजतो, पण शेवटचा मुद्दा तुम्ही ओढून आणलाय. मांसभक्षी गण जवळचा, म्हणजे खवले मांजर जेवढं मांजराच्या जवळ, तेवढंच कुत्र्याच्याही. मग "खवले कुत्रा"ही तितकंच बरोबर. ज्याने नाव दिलं त्याला डीएनए दिसला नव्हता, त्याला मांजराएवढा जीव रात्री फिरताना दिसला. नेम नाही, योगायोग आहे तो.

त्याचं शरीर इतकं विलक्षण आहे की "मांजर" शब्द ते झाकून टाकतो, माझी तक्रार ही आहे. अंगावरचे खवले माशाचे नाहीत, आपल्या नखांचं जे केराटिन तेच. जीभ तोंडात रुजलेलीच नाही, तिचं मूळ पार छातीच्या तळाशी, शेवटच्या बरगड्यांजवळ. दात नाहीत म्हणून खडे गिळतं आणि मुंग्या पोटात भरडतं. त्याचं इंग्रजी नाव पँगोलिन, तो शब्द मलाय भाषेतून आलाय, अर्थ गुंडाळी होणारा. एका शब्दात त्याचा स्वभाव आला. आपल्या नावात काय आलं?

अक्कलकोटकर

आमच्या घरात कन्नड. आम्ही त्याला चिप्पु हंदी म्हणतो. चिप्पु म्हणजे शिंपला, कवच. हंदी म्हणजे डुक्कर! एकाच जिल्ह्यात एका घरी मांजर, पलीकडच्या घरी डुक्कर. मग आता माझ्या आईलाही दुरुस्त करणार का?

दिसण्यावर जायचं म्हटलं तर तरस घ्या. माझ्या चुलत्यांनी वागदरीच्या बाजूला बघितलं तेव्हा "केवढं कुत्रं हो" म्हणून सांगत आले. ते मांजराच्या शाखेतलं, मुंगसाच्या जवळचं. आणि ज्याला पाणमांजर म्हणतो ते कुत्र्या-अस्वलाच्या शाखेतलं. सगळं उलटंपालटं आहे. नाव ही हाक मारायची सोय. हाक मारल्यावर कोण ते कळलं की काम झालं.

साखरपेठी

काम झालं? नावामुळे कुणाचं घर बसलं हे बघितलं नसेल तर असं बोलता येतं.

मांडूळ. आमच्या तेलुगूत रेंडु तलल पामु, दोन डोक्यांचा साप. मराठीत दुतोंडी. माझा मावसभाऊ यंत्रमागावर कामाला. २०१४ साली कुणीतरी त्याला गाठलं. दुतोंडी साप आहे, घरात ठेवला की पैसा येतो, अमुक वजन भरलं की मुंबईची पार्टी कोटीत घेते. बायकोचं सोनं मोडून आणि भिशी उचलून त्याने २ लाख ४० हजार दिले. पार्टी कधी आलीच नाही. पिंपात माती घालून ठेवलेला तो साप मी स्वतः बघितला. शेपटीचं टोक तापल्या सळईने डागलेलं होतं, दुसरं तोंड दिसावं म्हणून. चौदा दिवसांत मेला. भाऊ पोलिसांत गेला नाही, कारण १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली आत जाणार तो स्वतःच.

आणि त्याचं अंग किती साधं आहे बघा. बिनविषारी, भुसभुशीत मातीत राहणारा, उंदीर खाणारा. शेपूट बोथट आहे ती जीव वाचवायला. डिवचलं की डोकं अंगाखाली घालतो आणि शेपूट पुढे करतो, शत्रू तिथं चावतो, डोकं वाचतं. शत्रूला फसवायला जे अंग मिळालं, त्यानेच माणसं फसली. खरी नवलाची गोष्ट तर मागे, गुदद्वाराच्या दोन बाजूंना बारीक नख्या असतात, पूर्वजांच्या मागच्या पायांची खूण. सापाला पाय होते याचा पुरावा त्याच्या अंगावर आहे, आणि आम्ही दुसरं तोंड शोधतोय. सर, तुम्ही वर्गात "दुतोंडी" शिकवता की नाही, तेवढं सांगा.

बाळीवेसकर

तक्त्यावर "मांडूळ, दुतोंडी साप" असं लिहिलेलं आहे. दोन तोंडं नसतात हे मी दरवर्षी सांगतो. चूक नावाची नाही, लोभाची आहे. उद्या "मांडूळ" एवढंच नाव ठेवलं तरी फसवणारा फसवणारच.

साखरपेठी

तुम्ही सांगता ते त्या तासाला. तक्ता वर्षभर भिंतीवर असतो. माझा भाऊही शाळेत गेला होता सर.

तणमोर

हेच म्हणतेय मी. सोलापूरजवळच्या नन्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी बघायला जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे की माळढोक हा ढोक नाही? ढोक म्हणजे बगळ्या-करकोच्याच्या तऱ्हेचा, पाणथळीचा, झाडावर बसणारा. माळढोकाच्या पायाला मागचं बोटच नसतं, पुढची तीनच. फांदी पकडताच येत नाही, म्हणून जन्म सगळा जमिनीवर. वजन १५ किलोपर्यंत, अंडं बहुधा एकच, तेही उघड्या जमिनीवर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे उडताना समोरची विजेची तार दिसत नाही. हे अंग समजलं असतं तर "माळावर झाडं लावा" म्हणून कुणी उठलं नसतं. गवताळ माळ हेच त्याचं घर.

भीमाकाठ

तुमचं मांजर न् साप राहू द्या मालक, पण माळढोकाचं नाव निघालंय तर मी बोलणार. त्याला बोटं किती हे तुम्हाला पाठ आहे. आमची जमीन किती वर्षं अडकली ते पाठ आहे का?

१९७९ला अभयारण्य केलं, ८,४९६ चौरस किलोमीटर. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, वर नगरकडचे तालुके. गावंच्या गावं आत. थोरल्या बहिणीच्या लग्नाला वडलांनी २००३ला दोन एकर काढली. गिऱ्हाईक ठरलं, इसार घेतला, आणि कचेरीत गेल्यावर कळलं की गट अभयारण्यात आहे, खरेदीखत होत नाही. इसार परत केला. लग्नाची तारीख धरलेली. सावकाराचे पैसे घेतले, नऊ वर्षं व्याज भरलं. आन् मी आजपर्यंत एकदाबी माळढोक बघितला नाही.

तणमोर

तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण तो कागदावर रेघ ओढणाऱ्याने केला, पक्ष्याने नाही. नंतर क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलंच ना? आणि मोकळ्या झालेल्या माळाचं काय झालं? उजनीचं पाणी आलं, बोअर पडले, ऊस आला, तारा आल्या. आज नन्नजला एक मादी दिसली तरी बातमी होते. तुम्ही बघितला नाही, कारण आता तो उरलाच नाही.

भीमाकाठ

म्हणजे आम्ही ऊस लावला म्हणून पक्षी गेला? ज्वारीवर दोन पोरं शिकवून दाखवा, मग बोला. शनिवारी दुर्बीण घेऊन यायचं, हुरडा खायचा आणि सोमवारी शेतकऱ्याला शिकवायचं!

तणमोर

मी गेली १६ वर्षं पदरच्या पैशाने त्या माळावर जातेय. माझ्या डोळ्यांदेखत तो संपला. हुरडा खायला जाते म्हणून हिणवू नका.

अक्कलकोटकर

दोघंही थांबा. ताई, त्यांचं व्याज खरं आहे. मालक, त्यांचा पक्षीही खरा आहे. विषय नावांचा चालला होता.

बाळीवेसकर

विषयावर येतो. तणमोरताई, खवले मांजराचा डीएनएचा मुद्दा मी ताणला, कबूल. पण नाव सोडणार नाही. जगभरात या प्राण्याची खवल्यांसाठी तस्करी चालते, २०१६ला आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली. आपल्या वाडीवस्तीवरच्या माणसाने तो वाचवायचा असेल, तर त्याला कळणाऱ्या नावानेच सांगावं लागेल. "पँगोलिन दिसला तर कळवा" या पाटीचा आपल्याकडे उपयोग नाही.

साखरपेठी, तुमच्या भावाची गोष्ट वाचून दोन दिवस उत्तर सुचलं नाही. आज शाळेत गेल्यावर तक्त्यावरचं "दुतोंडी" खोडलं आणि शेपटीचं चित्र मोठं काढून लावलं. बाकीची नावं तशीच ठेवलीत. त्याबाबत माझं मत बदललेलं नाही.

साखरपेठी

चित्रात नख्या दाखवल्या का?

बाळीवेसकर

नाही. उद्या काढतो.

भीमाकाठ

नावाचंच चाललंय तर माझंबी ऐका. आमचा आजा त्याला माळढोक म्हणतच नव्हता. हूम म्हणायचा. नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती पार पायापर्यंत लोंबते, आन् हूम्म करून आवाज काढतो, लांब बांधापर्यंत जातो. पावसाळ्यात पहाटं आजा अंथरुणातूनच सांगायचा, हूम बोलला. हे वडलांकडून ऐकलं, मी नाही ऐकला.

ताई, हुरड्याचं बोललो ते मागं घेतो. पण नऊ वर्षांचं व्याज भरलंय ते मागं घेत नाही.

तणमोर

हूम हे नाव मी वाचलं होतं, ते म्हणणारं घर आज पहिल्यांदा भेटलं. तुमच्या वडलांना भेटता येईल का? तो आवाज कुठल्या गटात, कुठल्या महिन्यात यायचा, तेवढं लिहून घ्यायचं आहे.

भीमाकाठ

वडील ८१चे आहेत. ऐकायला कमी येतं, सांगतात मात्र चांगलं. दुर्बीण आणू नका, बघायला काही नाही.