प्रतिजैविकांचा संगणकावर शोध: डॉकिंग की मशीन लर्निंग?

जिज्ञासा: नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जिवाणूविरोधी नवे रेणू शोधायचे आहेत. पायथन जुजबी येतं. सर म्हणतात डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकी अंदाज) कर, मैत्रीण म्हणते मशीन लर्निंग (आधीच्या डेटावरून मॉडेलला शिकवणं). प्रयोगशाळेत मोजकेच रेणू तपासता येतील. कुठून सुरुवात करू?

रसायनी: नुसत्या डॉकिंगवर विसंबू नका. २०२२ मध्ये एमआयटीतल्या गटाने अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने वर्तवलेल्या, ई. कोलाय या जिवाणूच्या प्रथिनरचनांवर जिवाणूरोधक रेणू डॉक करून पाहिले. कोणता रेणू कुठे चिकटतो, हे ओळखण्यात डॉकिंग नाणेफेकीइतकंच ठरलं! शिवाय रेणू प्रथिनाला चिकटला तरी पेशीत शिरायला हवा. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं बाहेरचं आवरण त्याला अडवतं, आत गेलाच तर इफ्लक्स पंप बाहेर फेकतात.

हॅलिसिन हे प्रतिजैविक (२०२०) सापडलं ते वेगळ्या वाटेने. २,३३५ रेणूंपैकी कोणते ई. कोलायची वाढ रोखतात, एवढंच मॉडेलला शिकवलं. मधुमेहासाठी आधी अभ्यासलेला रेणू त्यातून वर आला. त्यासाठी वापरलेलं केमप्रॉप हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यापासूनच सुरुवात करा.

सूक्ष्मदर्शी: रसायनींना +१, पण आधी डेटा बघा. त्या २,३३५ मध्ये सक्रिय रेणू फक्त १२० होते. सरसकट सगळ्यांना 'निष्क्रिय' म्हणणारं मॉडेलही तिथे ९५ टक्के अचूक दिसेल! म्हणून अचूकतेचा आकडा बाजूला ठेवा आणि प्रिसिजन-रिकॉल वक्र (सक्रिय म्हटलेल्यांपैकी खरे किती, आणि खऱ्यांपैकी सापडले किती) काढा.

चाचणीसाठी रेणू रँडम वेगळे काढू नका, स्कॅफोल्डनुसार (रेणूच्या मूळ सांगाड्यानुसार) काढा. नाहीतर तोच सांगाडा शिकवण्याच्या आणि चाचणीच्या दोन्ही संचांत येतो आणि मॉडेल पाठांतरावर पास होतं. केम्बल या रेणूंच्या माहितीसाठ्यातून एमआयसी (जिवाणूची वाढ रोखणारं किमान प्रमाण) घेताना वेगवेगळ्या स्ट्रेनचे (जिवाणूच्या उपप्रकारांचे) आकडे एकत्र करू नका, ही कळकळीची विनंती. डेटा कमी मिळाला तरी चालेल, पण एकाच स्ट्रेनचा घ्या.

जिज्ञासा: खूप आभार! मग सरांना डॉकिंग नको म्हणून सांगू?

रसायनी: तसं नको. लिगँडसह (चिकटलेल्या रेणूसह) स्फटिकरचना उपलब्ध असलेलं लक्ष्य-प्रथिन असेल तर तोच लिगँड आधी पुन्हा डॉक करा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसला, तर मॉडेलने निवडलेल्या रेणूंसाठी डॉकिंग जरूर वापरा. तपासायला रेणू निवडताना ज्ञात प्रतिजैविकांशी टॅनिमोटो साम्य (रचना किती सारखी हे सांगणारा आकडा) कमी असलेले घ्या, ते विकत मिळतात का पाहा आणि मानवी पेशींवरची विषाक्तता चाचणी आत्ताच आराखड्यात घाला.

जिज्ञासा: ठरलं, केमप्रॉप आजच इन्स्टॉल करते. एस. ऑरियस या जिवाणूच्या एकाच स्ट्रेनचा डेटा कुणाला माहीत असेल तर सांगा.