बेगर्स नाइट: नवीन गल्लीत पोराला दारोदार पाठवावं का?

मक्याचं_शेत (धागाकर्ती)

जुलैमध्ये कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल सोडलं आणि आय-80 हायवे धरून साधारण 1,800 मैल येऊन आयोवातल्या डे मॉइनच्या एका उपनगरात पडलो. तीन महिन्यांत शेजाऱ्यांशी ओळख म्हणजे गवत कापताना वर केलेला हात, एवढीच. सनीव्हेलला अपार्टमेंट होतं. हॅलोविनच्या आधी ऑफिसबाहेर यादी लागायची, ज्यांना पोरं आलेली चालतील त्यांनी घर नंबर लिहायचा. इथली पद्धत कुणाला विचारावी हे सुचलंच नाही. आम्ही आपले 31 तारखेच्या भरवशावर.

30 ला, रविवारी, संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात पुठ्ठ्याचा हिरवा ट्रॅक्टर, आणि वरून डोकावणारं पाच-सहा वर्षांचं पोरगं. आता हा 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणणार म्हणून मी उभी, तर त्याने मलाच विचारलं, सांगाडा पार्टीला का नाही गेला? मी सासूबाईंकडे बघतेय, त्या माझ्याकडे. 'बिकॉज ही हॅड नो बॉडी टू गो विथ!' असं म्हणून पिशवी पुढे.

इथे यंदा, 2022 ला, पोरं हॅलोविनच्या आदल्या दिवशीच फिरली. त्याचं नाव 'बेगर्स नाइट'. सहा ते आठ वेळ, आणि जोक सांगितल्याशिवाय खाऊ नाही. पूर्वी हॅलोविनला पोरं गावभर नासधूस करायची, म्हणून 1938 पासून शहराने ही रात्र लावून दिली. काहीतरी करून दाखवा आणि मगच घ्या.

पोर्चचा दिवा चालू म्हणजे 'या', बंद म्हणजे 'नको', हा नियम मात्र सगळीकडचाच. आणि आमच्या पोर्चवर दिवाळीचा आकाशकंदील! तो आम्ही तुळशीच्या लग्नापर्यंत लावतो. त्यामुळे रांगच लागली, आणि घरात गोळी नाही एक. सासूबाईंनी वाईहून येताना आणलेली चिक्कीची पाकिटं काढली आणि वाटून मोकळ्या झाल्या. साडेसातला पोराला जुनी टोपी, माझी ओढणी गुंडाळून मीही बाहेर काढलं. सात घरं झाली.

नवरा नाराज आहे. "नावातच भीक आहे. कुणापुढे हात पसरायचा नाही हे घरात शिकलो, आणि आता पोराला पिशवी देऊन पाठवू?" पुढच्या वर्षी दिवा बंद ठेवायचा म्हणतो. मला वाटतं, तीन महिन्यांत झालं नाही ते त्या अर्ध्या तासात झालं. तुमचं काय मत?

वेताळटेकडी

तुमच्या यजमानांशी सहमत, पण कारण वेगळं. भीक वगैरे सोडा. अर्ध्या तासात झालं काय नेमकं? बेल, जोक, गोळी, दार बंद. एका घरी चाळीस सेकंद, त्यातही समोरचा माणूस भुताच्या मुखवट्यात. ह्याला ओळख म्हणायची? ऑगस्टपासून दुकानात गोळ्यांचे ढीग लागतात, ते संपवायची ही सोय आहे. आम्ही ऑस्टिनहून मिनिआपोलिसला आलो तेव्हा दिवाळीला फराळाचे डबे घेऊन आठ घरी गेलो. तीन घरी आत बोलावलं. चकलीला 'स्पायरल' म्हणतात आता, पण नावाने हाक मारतात. आपला सण घेऊन जावं, त्यांच्या सणात पाहुणा म्हणून घुसू नये.

कोथिंबीरवडी

बाकी चर्चा चालू द्या. ताई, चिक्की कशाची होती? शेंगदाण्याची?

माझ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, पर्समध्ये कायम एपिपेन, म्हणजे अ‍ॅलर्जीचं तातडीचं इंजेक्शन, असतं. अनोळखी पोरांच्या हातात शेंगदाण्याची चिक्की, तीही बहुतेक इंग्रजीत घटक धड न छापलेली! तुमच्या सासूबाईंचा हेतू चांगला होता हे मान्य, पण पुढच्या वेळी कृपा करून असं करू नका. अशा मुलांसाठी दाराशी मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवतात, म्हणजे ह्या घरी खाण्याव्यतिरिक्त काहीतरी मिळेल, पेन्सिल, स्टिकर, काहीही. 2012 ला टेनेसीत एका आईने सुरू केलं, 2014 पासून देशभर. माझी लेक गल्लीत शिरली की आधी तो रंग शोधते.

मक्याचं_शेत

@कोथिंबीरवडी, शेंगदाण्याचीच. वाचून पोटात गोळा आला. डोक्यातच आलं नाही. सनीव्हेलला शाळेच्या डब्यात शेंगदाणे नको हे पाठ होतं, आणि स्वतःच्या दारात विसरले. आत्ता कोट चढवून निघतेय. जेवढी पोरं आठवतात त्यांची घरं शोधते.

उंबरठा

मी विरोधातच लिहिणार आहे, पण कुणाला शिकवायला नाही.

आम्ही सिअ‍ॅटलहून ओहायोला आलो त्या वर्षी सप्टेंबरात बाबा गेले. मला जाता आलं नाही, अंत्यविधी फोनवर पाहिले. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या अंगणात थर्माकोलच्या कबरी, मातीतून वर आलेला प्लास्टिकचा हात, शेजारी तो 12 फुटी सांगाडा. महिनाभर खिडकी उघडली की तेच. त्यांना काय ठाऊक, त्यांची काही चूक नाही. पण मरण हे अंगणात मांडायची गोष्ट आहे हे मला त्या वर्षी पचलं नाही, अजूनही पचत नाही. आमचा दिवा बंद असतो. मुलं चालली मैत्रिणींबरोबर तर अडवत नाही.

वेताळटेकडी

@उंबरठा, वाचून थबकलो. ह्यावर वाद नाही.

जुनी_भोंडलेकरीण

भीक म्हणणाऱ्यांनी आपल्या लहानपणी काय केलं ते आठवावं. नऊ दिवस रोज नव्या घरी भोंडला, आणि शेवटी 'खिरापत ओळखा'. तिखट की गोड, कोरडी की ओली, ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही. कुणाची आई आम्हाला भिकारी म्हणाली नाही. खाऊच्या आधी डोकं चालवायला लावणारं हे डे मॉइन मला तरी आपलंच वाटलं. दसऱ्याला सोनं घेऊन, संक्रांतीला तिळगूळ मागत कोण फिरायचं?

वेताळटेकडी

असहमत. भोंडल्याला त्या घरची काकू आपल्याला बाळंतपणापासून ओळखत असते. ओळख आधी, खाऊ मग. इथे उलटं. आणि एक विचारतो, प्रत्येक गोष्टीला 'आपल्याकडेही हेच होतं' हा दाखला कशाला लागतो? आवडलं तर आवडलं म्हणा की सरळ. भोंडल्याची सही कशाला हवी त्यावर?

जुनी_भोंडलेकरीण

आवडलं. झालं समाधान?

एडिसनचा_आबा

2016 ला पाडवा आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. नातू स्पायडरमॅन होऊन ओवाळून घ्यायला बसला, मुखवटा काढेना. सुनेने मुखवट्यालाच कुंकू लावलं. एवढ्यावर घरात भांडण झालं नाही, तुम्ही इथे कसले भांडताय. (अवांतर: आयर्लंडात मुळात भोपळा नव्हे, सलगम कोरायचे. इकडे आल्यावर भोपळा सोपा सापडला. स्थलांतर केलं की भाजी बदलते.)

मक्याचं_शेत

जाऊन आले. पाच घरं सापडली. दोन पोरांना आईने आधीच खाऊ दिलं नव्हतं, पाकीट वाचता आलं नाही म्हणून. बाकीची ठणठणीत. ट्रॅक्टरच्या आईला मी तीनदा सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ह्याला काही त्रास नाही, पण ह्याच्या बाबांनीच सगळी संपवली, कुठे मिळते? आत बसवून कॉफी दिली. शुक्रवारी तिचा आणि माझा पोरगा एकत्र खेळणार आहेत. मोरपंखी रंगाचा डबा आजच आणला.

वेताळटेकडी

म्हणजे बघा, ओळख झाली ती तुम्ही नंतर सॉरी म्हणायला गेलात म्हणून. माझाच मुद्दा.

मक्याचं_शेत

आणि ते घर माहीत कसं झालं? माझ्याच दारात आला होता म्हणून.

कोथिंबीरवडी

गेलात, ह्याबद्दल मनापासून आभार. बहुतेक लोक 'काही होत नाही हो' म्हणतात.

बरं, त्या रात्री तुमच्या लेकाने जोक काय सांगितला? तयारी तर नव्हती.

मक्याचं_शेत

पहिल्या दोन घरी काहीच नाही. माझ्यामागे लपला, त्यांनी तशीच गोळी दिली. तिसऱ्या घरी एक म्हातारे आजोबा खुर्ची टाकून पोर्चवरच बसलेले. डोक्याला बियाणांच्या कंपनीची टोपी. ते काही सोडेनात. "नो जोक, नो कँडी." पोरगं रडायला आलं. मग आजीने शिकवलेलं कोडं त्याला आठवलं, 'पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब.' ते त्याने जमेल तसं इंग्रजीत केलं. हॅलो मिस्टर पाटील, व्हाय इज युअर बिअर्ड सो लाँग? हू अ‍ॅम आय?

मला वाटलं, ह्या माणसाला पाटील काय कळणार.

आजोबांनी क्षणभरही विचार केला नाही. "कॉर्न," म्हणाले, आणि दोन मुठी भरून गोळ्या टाकल्या. मग मला विचारलं, मिस्टर पाटीलकडे किती एकर आहे?