बी विंग ग्रुप: सातव्या महिन्यातली शुगर आणि भाकरी

पूर्वा (७०३): सगळ्यांना नमस्कार. विषय जरा घरगुती आहे, पण ग्रुपवर अनुभवी मंडळी आहेत म्हणून इथेच विचारते. मला सातवा महिना चालू आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर १६२ आली. १४० च्या आत हवी होती. डॉक्टर म्हणाल्या, दोन आठवडे जेवण सांभाळा, चाला, मग बघू. आहाराचा छापील कागद मिळाला त्यात पनीर, दही, दूध, अंडी. मी दूध-दही बरीच वर्षं घेत नाही, अंडी घरात येत नाहीत. माझं जेवण म्हणजे भाकरी, पोळी, भात, उसळ, आमटी. तेच बंद करायचं तर खाऊ काय?

अमित (११०२): वहिनी, भात-पोळी-बटाटा पूर्ण बंद करून बघा. टोफू, बदाम आणि भाज्या. माझी शुगर त्यानेच खाली आली.

सुलभाकाकू (४०१): अगं, उपाशी नको राहूस. नाचणीचं सत्त्व घे गूळ घालून, सकाळ-संध्याकाळ. दोन जिवांची आहेस.

पूर्वा (७०३): अमितदादा, कुणीतरी सांगितलं म्हणून मागच्या आठवड्यात मी तसंच केलं. शुगर उतरली, पण लघवीत कीटोन आले आणि वजनही उतरलं. डॉक्टर रागावल्या.

मंजिरीताई (९०४): पूर्वा, भाकरी आजच्या जेवणापासून परत सुरू कर. बाकीचं सावकाश वाच, पण हे आधी.

मी इतकी वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून गरोदर बायकांबरोबर काम केलं, आणि ‘धान्य बंद’ हा सल्ला ऐकला की मला फार काळजी वाटते. अमित, तुम्हाला फायदा झाला हे खरंच आहे, पण गरोदर बाईचं गणित वेगळं असतं. तिला दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात, कारण आई आणि बाळ दोघांच्या मेंदूला साखर हवी असते. मध्यम भाकरीत किंवा वाटीभर भातात साधारण ३० ग्रॅम असतात. धान्य, कडधान्यं, फळं सगळं मिळून ते भरावं लागतं. नाही भरलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन वाढतात.

आणि हे भाकरी खाल्ल्यामुळे झालेलं नाही. वारेतून (प्लॅसेंटातून) जी हार्मोन्स येतात ती आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. बहुतेकींचं स्वादुपिंड त्यावर जादा इन्सुलिन करून वेळ निभावतं, काहींचं कमी पडतं. आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतः जास्त इन्सुलिन करतं, त्याचं अंग वाढतं आणि जन्मल्यावर त्याची शुगर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत हवी.

भाकरी सुरू असतानाचे तुझे आकडे असतील तर टाक.

पूर्वा (७०३): आहेत ताई. उपाशी ८८, नाश्त्यानंतर १५८, दुपारी १२४, रात्री ११६. नाश्त्याला पोहे आणि मोसंबीचा रस. दुपारी ऐरोलीला ऑफिसात डबा, दोन पोळ्या, भाजी, थोडा भात. रात्री भाकरी आणि उसळ.

मंजिरीताई (९०४): बघ, ज्या जेवणात भाकरी आहे तेच सगळ्यात चांगलं आहे! दुपार थोडीशीच वर आहे. बिघडली आहे ती सकाळ.

सकाळी अंगात कॉर्टिसॉल चढलेलं असतं, त्या वेळी इन्सुलिन सगळ्यात कमी लागू पडतं. त्यात पोहे म्हणजे आधीच शिजवून चपटा केलेला तांदूळ, वर रस. पोह्यांऐवजी सालाचे मूग भिजवून धिरडं कर, नाहीतर एक छोटी ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ. रस बंद. मोसंबी सोलून खा, तीही नाश्त्याबरोबर नको, साडेदहा-अकराला, मूठभर शेंगदाण्यांबरोबर.

दुपारी डब्यात पोळी आणि भात दोन्ही कशाला? एकच ठेव आणि उसळीचा डबा मोठा कर. ताटात निम्मी जागा भाजी-कोशिंबिरीला, पाव उसळीला, पाव धान्याला. सुरुवात भाजी-उसळीने कर, धान्य शेवटी.

काकू, नाचणीबद्दल तुमचं म्हणणं निम्मं मला अगदी मान्य आहे. पूर्वा दूध घेत नाही, तिला कॅल्शियम हवंच आहे, आणि नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. पण सत्त्वात चोथा गाळून टाकलेला असतो, राहतो तो निव्वळ स्टार्च, त्यात गूळ. ते पेलाभर पातळ पोटात गेलं की साखर लगेच रक्तात. तिला नाचणीची भाकरी किंवा घावन करून द्या. सगळ्याच धान्यांचं हेच आहे. दाणा जितका बारीक दळलेला, गाळलेला, शिजून लगदा झालेला, तितकी साखर लवकर सुटते. कुकरमध्ये मऊ केलेल्या कोलमपेक्षा उकडे तांदूळ बरे. साबुदाणा तर जवळजवळ नुसता स्टार्चच. हुलगे, मटकी, चवळी, वाल यांच्यातही स्टार्च आहे, पण तंतू आणि प्रथिनांसकट येतो, म्हणून सावकाश पचतो.

निखिल (७०३): ताई, तिच्या आईला कोणी सांगितलंय की धान्य खाल्लं तर बाळ खूप मोठं होईल. त्यांना काय सांगू?

मंजिरीताई (९०४): त्यांना कोलोरॅडो विद्यापीठाचा अभ्यास सांगा. गरोदरपणातली शुगर असलेल्या बायकांचे दोन गट केले. एका गटाला ६० टक्के उष्मांक कर्बोदकांतून, पण सावकाश पचणाऱ्या आणि कमी चरबीच्या जेवणात. दुसऱ्याला ४० टक्के कर्बोदकांतून आणि चरबी जास्त. दोन्ही गटांची शुगर मर्यादेत राहिली आणि बाळांच्या अंगावरच्या चरबीतही फरक दिसला नाही. ते जेवण पूर्ण शाकाहारी नव्हतं, हेही सांगते. पण धान्याची भीती काढायला एवढं पुरेसं आहे.

एका गोष्टीत मात्र मी जराही सूट देणार नाही. दूध, दही, अंडी काहीच नसेल तर बी१२ जेवणातून मिळणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले. ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला विरोध जास्त दिसला. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, म्हणजे फोलेटच, सगळ्याच घेतात, बी१२ राहून जातं. पूर्वा, रक्तातलं बी१२ तपासून घे आणि डॉक्टरांकडून गोळी लिहून घे. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, उसळीवर लिंबू पिळ.

निखिल, जेवणानंतर तिला दहा-पंधरा मिनिटं पोडियमवर चालवा. पाऊस असेल तर लॉबीत. आपली शतपावली इथे खरोखर औषध आहे, स्नायू चालताना रक्तातली साखर उचलतात.

निखिल (७०३): नक्की. आणि एवढं करूनही १२० च्या वर राहिली तर?

मंजिरीताई (९०४): तर दोन आठवड्यांनी डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतील आणि ते घ्यायचं, एक दिवसही न लांबवता. वार वाढते तसा हार्मोन्सचा जोरही वाढतो, जेवण अगदी नीट असलं तरी आठव्या महिन्यात आकडे चढू शकतात. उपाशीपोटीची शुगर तर रात्री यकृत सोडतं ती असते, जेवणाने फारशी हलत नाही. इन्सुलिन लागलं म्हणजे पूर्वा कुठे कमी पडली, असं घरात कुणी म्हणू नका. ते बाळापर्यंत जातही नाही.

रेश्मा (२०२): मला लागलं होतं, फक्त रात्रीचं. डिलिव्हरी झाली आणि बंद झालं. लेक आता दुसरीत आहे, मस्त आहे. पूर्वा, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तीच ७५ ग्रॅमची चाचणी करायची असते, बाळाच्या गडबडीत ती राहते. निखिल, तू आत्ताच मोबाइलवर लावून ठेव.

मंजिरीताई (९०४): रेश्मा, बरं झालं लिहिलंस. अशा बायकांना पुढे टाइप २ मधुमेहाची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून त्यानंतरही तपासणी चालू ठेवायची.

सुलभाकाकू (४०१): श्रावण येतोय. सोमवारचं काय गं? आमच्याकडे भगर आणि दाण्याची आमटी असते.

मंजिरीताई (९०४): काकू, यंदा उपास नको. दिवसभर पोट रिकामं म्हणजे परत कीटोन, आणि संध्याकाळी भगर-साबुदाणा एकदम म्हणजे शुगर वर. तिने तीन जेवणं आणि मधली दोन खाणी वेळेवर घ्यायची, सोमवार असो की एकादशी.

सुलभाकाकू (४०१): बरोबर आहे. पूर्वा, तुझ्या वाटचे सोमवार मी करते, तू भाकरी खा. आणि ओटीभरणाला डिंकाचे लाडू नाही करत, कोथिंबीरवडी आणि वालाची उसळ करते. वडी वाफवलेलीच ठेवेन, तळणार नाही.

पूर्वा (७०३): काकू, डोळ्यांत पाणी आलं. मंजिरीताई, उद्या सकाळी धिरडं करते. दोन तासांनी शुगर बघून कळवू?

मंजिरीताई (९०४): पहिल्या घासापासून दोन तास मोज. मला वेगळा मेसेज कर आणि वहीतही लिही, डॉक्टरांना तीच वही दाखवायची.

अमित (११०२): वहिनी, हे वाचून मला बरंच कळलं. मी शनिवारी जांभळी नाक्याला किराणा आणायला जातोय. हुलगे, उकडे तांदूळ, ज्वारी, काय आणू?

पूर्वा (७०३): हुलगे अर्धा किलो, सालाचे मूग एक किलो, ज्वारी पाच किलो. उकडे तांदूळ थोडेच आणा, घरी आवडतायत का बघते आधी.

सुलभाकाकू (४०१): अमित, माझ्यासाठी नाचणी दोन किलो. अख्खी आण, पीठ नको.