लॉइटर मोडमध्ये ड्रोन गोल फिरू लागतो. बोर्ड बदलावा का?

गगनविहारी
नमस्कार. चार पंख्यांचा ड्रोन मी स्वतः जुळवला असून त्यावर एफ४०५ चिपचा फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा बोर्ड) आणि आर्डुपायलट हे उड्डाणाचे सॉफ्टवेअर आहे. अल्टिट्यूड होल्ड मोडमध्ये, म्हणजे फक्त उंची धरून, तो उत्तम उडतो. पण लॉइटरला, म्हणजे जागाही धरून ठेवणाऱ्या मोडला, टाकला की काही सेकंद जागेवर थांबतो आणि मग वाढत्या वर्तुळात फिरू लागतो. गेल्या रविवारी तो शेजारच्या उसात जाता जाता वाचला. जीपीएसला १८ उपग्रह दिसतात. जीपीएस आणि होकायंत्र एकाच डबीत असून ती डबी वरच्या पट्टीवर, बॅटरीच्या तारांपासून ५ सेंटिमीटरवर चिकटवली आहे. एच७४३ चिपचा बोर्ड घेऊन त्यावर पीएक्स४ हे दुसरे सॉफ्टवेअर टाकावे, असे मित्राचे म्हणणे आहे. खर्च मोठा आहे, म्हणून आधी येथे विचारतो.

होकायंत्र
कृपया बोर्ड बदलू नका. अल्टिट्यूड होल्डमध्ये जागा धरून ठेवायची नसते, त्यामुळे दिशा चुकली तरी तेथे ते जाणवत नाही. लॉइटरमध्ये मात्र ड्रोन जरा पूर्वेकडे सरकला की त्याला पश्चिमेकडे ढकलावे लागते, आणि पश्चिम कोणती हे होकायंत्र सांगते. ते ४०–५० अंशांनी चुकत असेल तर प्रत्येक धक्का तिरका बसतो, तो निस्तरण्यासाठी दिलेला पुढचा धक्काही तिरकाच बसतो, आणि त्यातून तुम्ही पाहिलेले वर्तुळ तयार होते.

आता तुमचे ५ सेंटिमीटर पाहू. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण ०.४ गॉस असते. एका सरळ तारेतून २० अँपिअर प्रवाह जात असेल, तर तेवढ्या अंतरावर तिचे क्षेत्र सुमारे ०.८ गॉस, म्हणजे दुप्पट भरते! परतीची तार शेजारीच असल्याने त्यातले बरेचसे रद्द होते, पण तारा एकमेकींपासून फाकलेल्या असल्या तर पुरेसे उरते. म्हणून लाल आणि काळ्या तारेला एकमेकींभोवती घट्ट पीळ द्या आणि डबी उंच दांड्यावर न्या. दांड्याजवळ लोखंडी स्क्रू नकोत.

खात्री करायची असेल तर मिशन प्लॅनर या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये कंपासमॉट चाचणी करा; मोटारींच्या प्रवाहाचा होकायंत्रात किती अडथळा येतो ते ती मोजते. पंखे उलटे करून एकेक जागा पुढच्या मोटारीवर बसवा, म्हणजे ते ड्रोनला जमिनीकडे दाबतील, आणि ड्रोन नीट बांधून ठेवा. अडथळा ३० टक्क्यांखाली असेल तर काळजी नाही. ६० च्या वर असेल तर डबी हलवण्यावाचून गत्यंतर नाही.

मुक्तस्रोत
वरील निदान मला पटते. बोर्डाविषयी थोडे सांगतो. एफ४०५ मध्ये १ एमबी फ्लॅश (प्रोग्राम साठवण्याची जागा) असल्यामुळे आर्डुपायलटच्या काही सोयी त्यात मावत नाहीत, आणि हव्या त्या सोयी निवडून फर्मवेअर (बोर्डावर चालणारे सॉफ्टवेअर) बांधून घ्यावे लागते. एच७४३ मध्ये २ एमबी असल्याने ती अडचण बहुधा येत नाही. तेव्हा मोठ्या बोर्डाचा लाभ खरा आहे, परंतु तुमच्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही, कारण पीएक्स४ लाही दिशा त्याच होकायंत्राकडून घ्यावी लागेल. दोन्ही प्रकल्प मुक्त आहेत. आर्डुपायलटचा परवाना जीपीएल ३ आहे, म्हणजे बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोडही द्यावा लागतो. पीएक्स४ च्या बीएसडी परवान्यात ती अट नाही. छंदासाठी याने फरक पडत नाही. उद्या ड्रोन विकायचे मनात असेल तर फरक नक्की पडेल.

गगनविहारी
दोघांचेही मनापासून आभार. चाचणीत अडथळा ७१ टक्के निघाला. तारांना पीळ देऊन डबी १५ सेंटिमीटरच्या दांड्यावर चढवल्यावर तो १४ वर आला. नवा बोर्ड मागवलेला नाही. आता थेट लॉइटरमध्ये उडवू का?

होकायंत्र
अजून नाही. डबीची जागा बदलली असल्यामुळे होकायंत्राचे कॅलिब्रेशन घरापासून आणि गाड्यांपासून दूर, मोकळ्यावर पुन्हा करा. पहिले उड्डाण अल्टिट्यूड होल्डमध्येच करा, बोट मोडच्या स्विचवर राहू द्या, आणि उतरल्यावर लॉगमध्ये (उड्डाणाच्या नोंदीत) बॅटरीचा प्रवाह वाढतो तेव्हा होकायंत्राचे आकडेही त्याच्याबरोबर हलतात का ते पाहा. ते स्थिर असतील तरच लॉइटर लावा. परत येण्याच्या मोडची उंचीही याच वेळी तपासा: ती मुळात १५ मीटर ठेवलेली असते, आणि शेताच्या कडेला नारळ असतील तर ते याहून उंच असू शकतात.