विद्यापीठाने तेल-कोळसा कंपन्यांचे समभाग विकावेत, या मागणीतून नेमके काय साधते?

प्रश्न

मी मूळची सांगलीची असून अमेरिकेतील एका विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. विद्यापीठाने आपल्या कायमनिधीतून (मूळ रक्कम गुंतवून ठेवून तिच्या उत्पन्नावर चालणाऱ्या निधीतून) कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू काढणाऱ्या कंपन्यांचे समभाग विकून टाकावेत, अशी मागणी येथील विद्यार्थ्यांचा एक गट तीन वर्षांपासून करत आहे. (याला निर्गुंतवणूक म्हटले की आपल्याकडे सरकारी कंपन्यांची विक्री डोळ्यांसमोर येते, म्हणून तो शब्द टाळते.) पुढच्या महिन्यात विश्वस्तांना भेटणाऱ्या पाच जणांत मी असावे, असा गटाचा आग्रह आहे.

२०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीएवढे पाणी होते आणि ते ओसरल्यावर माझ्या आजीने चिखलातून एकेक भांडे वेचून काढले. एका पुराचे खापर थेट हवामानबदलावर फोडता येत नाही हे मला कळते. तरीही हा विषय माझ्यासाठी केवळ अभ्यासक्रमातला राहिलेला नाही. असे असूनही दोन शंका मला सोडत नाहीत. आपण विकलेला समभाग दुसरा कोणीतरी विकत घेणारच. मग कंपनीच्या गल्ल्यातून एक पैसा तरी कमी होतो का? दुसरे असे की, निधी बाहेरच्या व्यवस्थापकांकडे एकत्रित योजनांत गुंतवलेला असल्यामुळे त्यातून काही वेगळे काढणे शक्य नाही, असे वित्त अधिकारी सांगतात. वार्षिक अहवालात पाहिले, तर एका वर्तुळचित्रात ‘नैसर्गिक संसाधने’ असा एक तुकडा आहे आणि त्याखाली कसलाही तपशील नाही. हे उत्तर खरे मानावे की टोलवाटोलवी समजावी?

प्रतिसाद १

१९८५ मध्ये मी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पीएच. डी. करत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांचे समभाग विकावेत, असा ठराव कोलंबियाच्या सिनेटने १९८३ मध्येच एकमताने केला होता आणि विश्वस्तांनी तो मानला नव्हता. ४ एप्रिल १९८५ रोजी विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉलच्या दाराला साखळदंड लावला आणि तीन आठवडे पायऱ्यांवर धरणे धरले. पायऱ्यांवर पांघरुणे, थर्मास आणि उघडी पुस्तके असत; परीक्षा तोंडावर होती आणि मुले तिथेच अभ्यास करत. त्यांनी त्या इमारतीला मंडेला हॉल असे नाव दिले. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विश्वस्तांनी समभाग विकण्याचा निर्णय घेतला.

तुमची पहिली शंका तेव्हाही विचारली जात असे आणि ती रास्त आहे. त्या बहिष्काराचा समभागांच्या भावांवर फारसा परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढला. माझ्या मते मागणीचे बळ भावात नव्हतेच. हॅम्पशायर कॉलेज या छोट्या संस्थेने १९७७ मध्ये पहिले पाऊल टाकले, ते १९८६ मध्ये सुमारे ३.१ अब्ज डॉलरचे समभाग हाती असलेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या निर्णयापर्यंत पोहोचले, आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला. या घटना एकीमुळे दुसरी अशा सरळ रेषेत घडल्या, असे मी म्हणणार नाही. मात्र, दर वसंतात शेकडो प्रांगणांतून एकच प्रश्न विचारला जात राहिला, म्हणून त्या कंपन्यांशी असलेला संबंध ही खासगी बाब उरली नाही. मंडेला १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडला आले, तेव्हा त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या या लढ्याची आवर्जून दखल घेतली.

जाता जाता सांगतो: भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ मध्येच तोडला होता आणि त्या देशासाठी हे पारपत्र ग्राह्य नाही, असा शेरा माझ्या पारपत्रावर होता. तो शेरा मी पायऱ्यांवरच्या एका मुलाला दाखवला, तेव्हा तो बराच वेळ ते पान हातात धरून बसला होता.

एक काळजीचे सांगणे. निवेदनावर सही करणे किंवा विश्वस्तांना भेटणे निराळे आणि इमारत अडवणे निराळे. तुम्ही व्हिसावर आहात. दुसऱ्या प्रकारात उतरण्यापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्या.

प्रतिसाद २

मी निवृत्तिवेतन निधींच्या गुंतवणुकीचे काम करते, म्हणून दुसऱ्या शंकेपुरते लिहिते. अधिकाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. एकत्रित योजनेतून एकच समभाग उपसून काढता येत नाही आणि खासगी योजनांत पैसा अनेक वर्षे अडकलेला असतो. परंतु नव्या योजनेत पैसे न घालणे आणि जुनी मुदत संपताच तिचे नूतनीकरण न करणे हे पूर्णपणे विश्वस्तांच्या हाती असते. हार्वर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये हेच केले. तेथील विद्यार्थ्यांची मोहीम २०१२ पासून चालू होती. कायमनिधी हे समाजबदलाचे साधन नव्हे, अशी भूमिका २०१३ मध्ये अध्यक्षांनी जाहीरपणे मांडली होती. २०१९ मध्ये येलविरुद्धच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात दोन्ही विद्यापीठांचे विद्यार्थी मैदानात उतरून बसले. अखेर नव्या अध्यक्षांच्या पत्रात थेट गुंतवणूक उरली नसल्याचे, ती पुढेही न करण्याचे आणि खासगी योजनांतील, निधीच्या दोन टक्क्यांहून कमी असलेला वाटा मुदतीनुसार संपू देण्याचे लिहून आले. म्हणजे ज्या ‘अशक्य’ गोष्टीविषयी तुम्हाला सांगितले जात आहे, तिची वाट कागदावर उपलब्ध आहे.

तेव्हा भेटीत ‘सगळे विका’ एवढेच म्हणू नका. थेट समभाग किती आहेत, योजनांत किती आहेत आणि प्रत्येक योजनेची मुदत केव्हा संपते, हे लेखी मागा.

प्रतिसाद ३

मला यापेक्षा वेगळे वाटते. समभाग हाती ठेवून वार्षिक सभेत ठराव मांडावेत, मतदान करावे. दार बंद करून बाहेर पडल्यावर आत बोलणारे कोणी उरत नाही. येल विद्यापीठाने १९७२ मध्येच यासाठी समिती नेमली होती. विद्यार्थ्यांनी तशी समिती मागावी.

प्रतिसाद १ लिहिणारे

आपला मार्ग मी सरसकट नाकारत नाही. पण रेव्हरंड लिऑन सुलिव्हन यांचा अनुभव विचारात घ्यावा. जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर असताना त्यांनी १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील अमेरिकी कंपन्यांसाठी आचारतत्त्वे घालून दिली: गोऱ्या-काळ्या कामगारांचे एकाच कँटीनमध्ये जेवण, समान कामाला समान वेतन वगैरे. अनेक विद्यापीठे या तत्त्वांवर बोट ठेवून समभाग राखत राहिली. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, सुलिव्हन यांनीच हे पुरेसे ठरले नाही असे सांगून कंपन्यांनी तो देश सोडावा, अशी हाक दिली. आत राहून बोलायचे असेल, तर किती वर्षे बोलायचे आणि काय घडले नाही तर उठायचे, हे आधी ठरलेले असावे.

प्रश्न विचारणारी

सर्वांचे मनापासून आभार. काल गटाच्या बैठकीत मी मुदतीचा मुद्दा मांडला, तेव्हा तीन वर्षांत योजनांच्या तारखा आपण कधी मागितल्याच नाहीत, हे सर्वांच्या लक्षात आले. विश्वस्तांना द्यायचे निवेदन आता आम्ही नव्याने लिहीत आहोत. समभाग, योजना आणि मुदती यांचा लेखी तपशील, नव्या योजनांना पूर्णविराम आणि समिती नेमायचीच असेल तर तिला दोन वर्षांची कालमर्यादा, एवढेच त्यात असेल. आमच्यापैकी तिघे येत्या मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडतील, म्हणून पहिल्या वर्षाचे दोन विद्यार्थी भेटीला सोबत नेत आहोत. मी सही केली आहे आणि भेटीलाही जाणार आहे.