मदत हवी आहे: यांकीजना खाली खेचायचं तर पाठिंबा नेमका कोणाला?

रेड सॉक्सवाल्यांनो (अमेरिकी बेसबॉलमध्ये आपण, यांकीज आणि ब्लू जेज एकाच विभागातले संघ), जरा हिशेब तपासून द्या. आघाडीवरच्या संघाचा मॅजिक नंबर, म्हणजे पहिलं स्थान पक्कं व्हायला त्याचे विजय आणि मागच्याचे पराभव मिळून अजून किती हवेत तो आकडा: 163 वजा त्याचे विजय, वजा मागच्या संघाचे पराभव. 2022 पासून बरोबरी सुटावी म्हणून जादा सामना होत नाही, आधी आपसातल्या लढती बघतात. ती बाजू ज्याच्याकडे, त्याचा आकडा आणखी 1 ने उतरतो. 2025 मध्ये ब्लू जेज आणि यांकीज दोघेही 94 विजय, 68 पराभवांवर थांबले. आपसात जेज 8-5 ने पुढे, म्हणून विभागाचं विजेतेपद त्यांचं. या दोघांच्या मालिकेत जेजना पाठिंबा देणं सोपं. पण वाइल्ड कार्डसाठी (विभाग न जिंकलेल्या संघांना मिळणारी बाद फेरीची जागा) आपण जेजच्याच मागे असलो तर यांकीजचा पराभव म्हणजे जेजचा विजय, तो आपल्यालाच महाग पडतो! आणि तीन संघ बरोबरीत आले तर आपसातला हिशेब कसा मांडायचा? आकड्यांसकट उदाहरण द्या, प्लीज.