घर्षण डॅम्पर पावसाळ्यानंतर सरकतच नाही, चाचणी कशी घ्यावी?

खेर्डीचा_वेल्डर:
चिपळूणला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई इथेच होती. फळीवरची भांडी कशी कोसळली ते ती अजून सांगते. म्हणून लेकीनं डिप्लोमाच्या प्रोजेक्टला घर्षण डॅम्पर, म्हणजे भूकंपात इमारतीचे झोके घासून शमवणारा जोड, हा विषय घेतला तेव्हा फार बरं वाटलं.

दोन मीटर उंच, एक मीटर रुंद लोखंडी चौकट केली. तिरक्या पट्टीत स्लॉट पाडून दोन पट्ट्यांमध्ये ब्रेक लायनर घातला आणि वरून बोल्ट कसला. बोल्ट सैल असताना माथा २० किलोच्या ओढीला १० मिमी सरकतो. बोल्ट कसून, ओढून सोडला तर झोके १२, ९, ६, ३ मिमी, मग थांबला. पुस्तकातलं लागोपाठच्या झोक्यांच्या गुणोत्तराचं लॉगचं सूत्र लावलं तर डॅम्पिंग (झोके विरण्याचं प्रमाण) आधी साडेचार टक्के, मग साडेसहा, शेवटी अकरा! लिहायचं कुठलं?

त्यात चौकट आषाढ-श्रावण पडवीत राहिली. आता तेवढ्याच जोरानं ओढली तर माथा जेमतेम हलतो, आणि सोडल्यावर बारीक थरथर कितीतरी वेळ चालते.

रत्नांग्रीकर:
दादा, मोजमाप चोख आहे, सूत्र दुसऱ्या जातीच्या डॅम्परचं आहे. तेलाच्या डॅम्परमध्ये विरोध वेगाप्रमाणे बदलतो, म्हणून लागोपाठच्या झोक्यांचं गुणोत्तर कायम राहतं. घर्षणात दर झोक्याला ठरावीक मिमी कमी होतात, तुमच्याकडे ३. ही घट म्हणजे चार पट घर्षणबळ भागिले ताठरता (माथा एक मिमी सरकवायला लागणारं बळ). ताठरता मिमीला २ किलो, म्हणजे माथ्यावर घर्षण दीड किलो. टक्के लिहू नका, हे बळ लिहा.

दाभोळखाडी:
काका, हातोडी मारून सोडवू नका! गंजून धरलेला डॅम्पर हीच तुमची सगळ्यात मोलाची नोंद. तो सरकत नाही तोवर नुसती ताठ पट्टी आहे, ऊर्जा खात नाही. चौकटीतून काढा, सावकाश ओढा, पहिल्यांदा सरकला ते बळ वेगळं टिपा. मग दोन्ही दिशांना ओढ-ढकल करून बळ आणि सरक यांचा आलेख काढा. चांगल्या घर्षण डॅम्परचा जवळजवळ आयत येतो. आतलं क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीत खाल्लेली ऊर्जा. अमेरिकेच्या एएससीई ७ या बांधकामाच्या मानकात चाचणीच्या फेऱ्यांमधलं बळ सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत राहावं लागतं. आपल्या खाऱ्या हवेत ही चाचणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा घ्यायला हवी. सरकत्या बाजूला स्टेनलेसचा पत्रा लावा, बोल्टाखाली डिश वॉशर (स्प्रिंगसारखा दाबला जाणारा बशीच्या आकाराचा वॉशर) घाला. लायनर झिजला तरी बोल्टाचा दाब टिकतो.

खेर्डीचा_वेल्डर:
ताई, आज चेन ब्लॉकला ताणकाटा लावून ओढला. ७० किलोला कट्कन सुटला. पुढच्या ओढी २२, १८, १६. माथ्यावरच्या दीड किलोवरून तिरकस कोन धरून हिशेब केला तर नवा असताना जेमतेम ३.४ किलो होता. लेकीनं चारही आकडे वहीत लिहिलेत. स्टेनलेसचा पत्रा उद्या कापतो.